लसणातला ससा

“अंघोळ घालतेयस का त्याला?” म्हातारा खुर्चीतून खेकसला.

नंदाने नळ बंद केला नाही. सिंकमध्ये आठ तुकडे केलेला ससा होता आणि ती त्याला तिसऱ्या पाण्याने धूत होती. पेणला तिच्या माहेरी मटण तीन पाण्यांनी धुतल्याशिवाय पातेल्यात पडत नसे. म्युनिकमध्ये तेहेतीस वर्षं काढली म्हणून त्यातलं एक पाणी कमी करायचं कारण तिला दिसत नव्हतं.

“न धुता खायचं म्हणजे घाणच खायची की,” ती म्हणाली.

“सगळी चव मोरीत गेली. आता मोरीलाच जेवायला बसव.”

“बसवते. ती तरी गप्प जेवेल.”

ही दोघं जर्मनमध्ये भांडत. त्याच्या जर्मनला स्पेनमधल्या त्याच्या खेड्याचा हेल होता, तिच्या जर्मनला पेणचा, आणि दोघांनाही समोरच्याचं जर्मन भयंकर वाटे. म्हाताऱ्याचं नाव सेव्हेरिनो, वय चौऱ्याऐंशी. बासष्ट साली कारखान्यात कामाला म्हणून आला, चाळीस वर्षं लेथवर उभा राहिला, आणि या देशाबद्दल एक चांगला शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. इथला पाव आंबट, ऊन पाणचट, माणसं इस्त्री केलेली. घरपोच मदत देणाऱ्या एका संस्थेकडून नंदा आठवड्यातून तीनदा, दोन-दोन तास त्याच्याकडे येई. फरशी पुसायची, सामान आणायचं, गोळ्या मोजून डबीत भरायच्या. पहिल्याच दिवशी त्याने तिला विचारलं होतं, “तुला झाडू धरायला कोणी शिकवलं, गाढवाने?” ती म्हणाली होती, “हो, तुमच्यासारख्याच एकाने.” तेव्हापासून दोघांचं बरं चाललं होतं.

आज मात्र रविवार होता. रविवारी नंदाचं काम नसे, आणि सुट्टीच्या दिवशी परस्पर कुणाच्या घरी काम करायला संस्थेची सक्त मनाई होती. कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी नोकरी गेली असती. सकाळी बसमधून तिने उर्जाला, आपल्या मुलीला, फोनवर सांगितलं तर ती किंचाळलीच.

“आई, दास गेट निष्ट! असं चालत नाही! तुला काढून टाकतील ते. आणि कशासाठी, तर ससा? इऽऽ! गोड प्राणी आहे तो!”

“गोड आहे की तिखट, ते शिजल्यावर कळेल,” नंदा म्हणाली आणि तिने फोन ठेवला. गार्चिंगला संशोधन करते म्हणे, आणि दुपारी दुधात भिजवलेले ओट्स खाऊन त्याला जेवण म्हणते! अशा मुलीकडून स्वयंपाकाचं शहाणपण ऐकायची नंदाची तयारी नव्हती.

इतकी घाई होती ती पिलारमुळे. आज एक वाजता ती जेवायला येणार होती आणि त्याआधी नंदाला निघायचं होतं. पिलार ही म्हाताऱ्याची मुलगी, न्यूर्नबर्गला राहणारी. पंधरा दिवसांपूर्वी ती आली तेव्हा तिला या स्वयंपाकघरात जळून कोळसा झालेली एक कढई सापडली, आणि कचऱ्यात बाहेरून येणाऱ्या जेवणाचे न उघडलेले चार डबे. तिने हाइमचा, म्हणजे वृद्धाश्रमाचा, विषय काढला. तिथल्या एका हाइममध्ये एक खोली रिकामी होत होती आणि हो की नाही ते या सोमवारपर्यंत कळवायचं होतं. म्हाताऱ्याने आकाशपाताळ एक केलं. शेवटी पिलार दमून म्हणाली, “बरं पापा. पुढच्या वेळी आईचा लसणातला ससा तू स्वतः कर आणि मला वाढ. जमलं, तर वर्षभर मी हाइमचं नाव काढणार नाही.”

“डोळे मिटून करीन,” म्हातारा म्हणाला. दुसऱ्या दिवशी लसणाचा गड्डा फोडायला बसला तर सुरी हातात ठरेना. दोन्ही हात नुसते लटलट कापत होते.

त्याने नंदाकडे मदत मागितली नाही. मागणाऱ्यातला तो नव्हेच. त्याने एवढंच विचारलं, “तो तुमचा पिवळा चिखल सोडून तुला दुसरं काही रांधता येतं का?”

सीकेपी बाईला हे विचारायचं! नंदाचा पापड मोडला. “चार पायांचं काय वाट्टेल ते आणून द्या,” ती म्हणाली, “तुमच्या बायकोपेक्षा चांगलं करून घालते.”

स्वयंपाकाच्या बाबतीत नंदा सगळ्या जगाला कस्पटासमान लेखत असे. बटाटे उकडून वर मीठ भुरभुरणारे जर्मन तर तिच्या लेखी माणसांतच जमा नव्हते. पुण्याहून आलेल्या आयटीवाल्यांच्या बायका आलं-लसणाची पेस्ट बाटलीतून काढतात हे कळल्यापासून ती मराठी मंडळात जेवायला जाईनाशी झाली होती. खरं तर स्वतः तिने वीस वर्षं विद्यार्थ्यांच्या कँटीनमध्ये बादल्या भरभरून बटाट्याचं सॅलड कालवलं होतं. वीस वर्षांत एकाही माणसाने तिला, बाई तुम्ही घरी काय करता, असं विचारलं नाही. घरी खाणारे होते तिचा नवरा प्रद्युम्न आणि उर्जा. प्रद्युम्नला जाऊन अकरा वर्षं झाली, उर्जा ओट्सला लागली. आता अर्धा किलो मटण आणलं की ते नंदाला चार दिवस पुरे. चौथ्या दिवशी ती ते उभ्यानेच खाई.

ससा तिनेच आणला होता. शहराबाहेरच्या छोट्या बागांमध्ये ससे पाळणारा म्हाताऱ्याचा एक ओळखीचा होता. त्याने शनिवारी वर्तमानपत्रात बांधून दिला, “आतलं सगळं आत आहे,” एवढंच बोलला आणि तिच्या तोंडावर फाटक लावून घेतलं.

तिसरं पाणी ओतून नंदाने पिशवीतून हळदीची बाटली काढली. हात आपोआपच गेला. मांस घरात आलं की धुवायचं आणि हळद-मीठ चोळायचं, यात विचार करण्यासारखं काही नसतं. म्हाताऱ्याने काठी उचलली.

“ते पिवळं पिशवीत जाईल, नाहीतर तू खिडकीतून जाशील.”

“हळद आहे. औषधी असते.”

“ससा मेलेला आहे. त्याला औषध नको.”

नंदाने बाटली आत टाकली. पुढचा सगळा स्वयंपाक असाच झाला. म्हातारा खुर्चीत बसून हुकूम सोडी, आणि तेही एका वेळी एक. नंतर काय करायचं असं विचारलं की, “पुढचं पुढे! आधी हे नीट कर,” एवढंच उत्तर. सगळी कृती एकदम सांगून टाकायला त्याचं मन घेत नव्हतं, हे नंदाला कळत होतं. कंजूष मेला, ती मनात म्हणाली. जसा काही हा मंत्र चोरून मी हॉटेल काढणार आहे.

ऑलिव्हच्या तेलात तुकडे लाल होईपर्यंत परतायचे. मग लसूण, दोन अख्खे गड्डे, पाकळ्या सुट्या करून, सालासकट.

“सालासकट?” नंदाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “सोलायचा आळस?”

“साल असली की आत लोणी होतं. तू टाक.”

“कांदा?”

“नाही.”

“आलं? मिरची?”

“नाही.”

“खोबरं तरी?”

“डोकं फिरलंय का तुझं?”

“अहो, मग याला चव कशाची येणार?”

“सशाची,” म्हातारा म्हणाला.

थोडी पांढरी वाइन पडली, कसलीशी वाळकी पानं पडली, एक तमालपत्र पडलं. तेवढं एक ओळखीचं पाहून नंदाला बरं वाटलं. बाकी हा प्रकार म्हणजे बाळंतिणीचं जेवण. झाकण ठेवून तिने कपाळावरचा घाम पुसला आणि म्हातारा दाढी करायला न्हाणीघरात गेला. मदत करू का, असं विचारायची सोय नव्हती. आतून पाण्याचे, वस्तू पडण्याचे आणि स्पॅनिश शिव्यांचे आवाज येत राहिले.

जाताना त्याची पँट तिच्या नजरेस पडली होती. पट्ट्याला सुरीने एक नवीन भोक पाडलं होतं, तरी पँट खाली घसरत होती. फ्रिजमध्ये तिने शुक्रवारी ठेवलेलं सूप जसंच्या तसं होतं. म्हणजे दोन दिवस या माणसाच्या पोटात कॉफीशिवाय काही गेलेलं नव्हतं. तोंडाचा पट्टा मात्र चालू!

वर्तमानपत्राच्या पुडक्यात, एका लहानशा पिशवीत, सशाची कलेजी होती. नंदाने ती काल धुऊन ठेवली होती. माहेरी रविवारी मटण शिजत असताना कलेजी आधी तव्यावर निघे. थोडं तेल, मीठ, मिरपूड, वर लिंबू. ती घरात जो कोणी आजारातून उठलेला असेल त्याची. बाकीच्यांनी नुसता वास घ्यायचा. टायफॉइडमधून उठल्यावर नंदाला सलग पाच रविवार मिळाली होती आणि तिच्या दोन्ही भावांनी त्याबद्दल तिला चिमटे काढले होते. हे कोणी कोणाला शिकवलेलं नव्हतं आणि कुठल्या पाककृतीत लिहिलेलं नव्हतं. तिने एक छोटा तवा घेतला, चार तुकडे केले, दोन-दोन मिनिटं दोन्ही बाजूंनी परतले आणि लिंबू पिळलं.

म्हातारा बाहेर आला. गालावर तीन ठिकाणी कागदाचे कपटे चिकटवलेले, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. नंदाने ताटली पुढ्यात सरकवली.

“हे काय?”

“खा. औषध आहे.”

“घरून आणलंस?”

“हं,” नंदा म्हणाली. पुढची हुज्जत तिला नको होती.

म्हाताऱ्याचं नाक वर्षापूर्वीच गेलं होतं. खारट आणि आंबट तेवढं कळे. त्याने एक तुकडा तोंडात टाकला. मग दुसरा. मग तो बोलायचा थांबला. चारही तुकडे संपवून त्याने पावाने ताटली पुसली, आणि ते करताना त्याचे डोळे मिटलेले होते. नंदा पाठ करून उगाचच शेगडी पुसत राहिली. तिला आनंद झाला होता आणि तो दाखवायची तिला लाज वाटत होती. बघा म्हणावं, एक चमचा तेलात चार मिनिटांत केलं! याला म्हणतात चव. नाहीतर तुमचा तो दोन गड्ड्यांचा काढा.

सव्वाबाराला म्हाताऱ्याने कपाटातून खलबत्ता काढायला लावला. पितळी, चांगला जड. त्याची वारलेली बायको एन्कार्ना हा खलबत्ता मांडीवर घेऊन दोन दिवस दोन रात्री आगगाडीत बसून या देशात आली होती.

“आता खरं काम,” तो म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. “शिजलेल्या लसणाच्या चार पाकळ्या काढ, सालं काढून यात टाक. मिरीचे सहा दाणे. ती ओट्यावरची हिरवी पानं. झालं? आता कलेजी.”

नंदाचा हात हवेतच थांबला.

“कुठली कलेजी?” तिने विचारलं, जरी तिला कळलं होतं.

“सशाची! दुसरी कुठली, तुझी? परतायची, लसणाबरोबर ठेचायची, रश्शात सोडायची. सगळा जीव तिच्यात असतो. ती नसली तर हे नुसतं तेलात पडलेलं जनावर आहे. आण.”

“ती तुमच्या पोटात गेली,” नंदा म्हणाली.

नंदा शिव्यांची वाट बघत उभी होती. आज तिला त्या हव्याही होत्या. जन्मभर दुसऱ्यांच्या स्वयंपाकाला नावं ठेवली, आणि मुख्य जिन्नस कोणता हे विचारायची बुद्धी झाली नाही. पण म्हातारा ओरडला नाही.

“साठ वर्षं,” तो हळूच म्हणाला, “साठ वर्षं एन्कार्नाने मला त्यातला एक तुकडा चाखू दिला नाही. सगळी यात जायची.”

“मग? कशी होती?” हा प्रश्न आपण का विचारला ते नंदाला कळलं नाही.

“बरी होती.”

दोन वर्षांत तिच्या हातच्या कुठल्याही गोष्टीला तो बरी म्हणाला नव्हता.

नंदाची मग धावपळ सुरू झाली. ससेवाल्याला फोन लावला, तो उचलेना. रविवारी या गावात कलेजी सोडा, मिठाची पुडी आणायची तरी स्टेशन गाठावं लागतं. “पाव तळून घालते,” ती म्हणाली. “बदाम आहेत, ते वाटते. दाटपणा येईल, रंग येईल. कोणाला कळतंय?”

“राहू दे,” म्हातारा म्हणाला. “पिलारला फसवता येईल. एन्कार्नाचा खलबत्ता आहे तो, त्यात खोटं ठेचायचं नाही.”

“सकाळपासून दुसरं काय करतोय आपण?” नंदा वैतागून म्हणाली. पण त्याने बत्ता आपल्या मांडीवर घेतला होता आणि तो सोडायला तयार नव्हता.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. एकला वीस मिनिटं कमी होती. पिलार आधीच आली होती. नंदाला निघून जायचं होतं, पण जिना एकच. तिने अ‍ॅप्रन सोडून सोफ्याच्या उशीखाली कोंबला.

“बस,” म्हातारा म्हणाला. “तू पाहुणी आहेस. मी जेवायला बोलावलंय.”

नंदाने मनात पिलारची एक मूर्ती घडवून ठेवली होती. बापाला घराबाहेर काढायला निघालेली, घाऱ्या डोळ्यांची, कडक. प्रत्यक्षात पंचावन्न वर्षांची एक थकलेली बाई आत आली. तिने दारातच बूट काढले, बापाच्या गालावरचे कागदाचे कपटे हलक्या हाताने सोडवले आणि मग त्याचा पापा घेतला. नंदाला पाहून ती गोंधळली, पण नीट हात मिळवला. बॅगेतून एक निळी फाइल डोकावत होती.

“पापा, हा वास,” पिलार म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. “जिन्यातच आला मला. तू खरंच केलास!”

“मग काय तुला वाटलं?” म्हातारा म्हणाला.

तिघं जेवायला बसली. नंदाने पहिला घास घेतला आणि तिला नाइलाजाने कबूल करावं लागलं, मांस लुसलुशीत झालं होतं. सालातला लसूण खरोखरच लोण्यासारखा बाहेर येत होता. पिलारने दोन तुकडे खाल्ले. मग पावाचा तुकडा रश्शात बुडवून तोंडात घातला आणि ती थांबली. तिने आणखी एकदा पाव बुडवला. मग उठली, शेगडीपाशी गेली, पातेल्यात तळापर्यंत डाव फिरवला.

“पापा, कलेजी कुठे आहे?”

मी केला नाही, असं म्हाताऱ्याने सांगितलं तर हाइम. आणि मी केला पण कलेजी राहिली, असं सांगितलं तरी हाइमच. नंदाने घास गिळला. आपली नोकरी तिला डोळ्यांसमोर दिसली, घरभाडं दिसलं, आणि तरी तिने तोंड उघडलं.

“ते खरं म्हणजे मी—”

म्हाताऱ्याने काठी जमिनीवर आपटली. “तू गप्प! हिला काय विचारतेस, पिलार? हिच्या देशात मांसाला अंघोळ घालतात! कलेजी कशाशी खातात ते हिला माहीत नाही. फरशी पुसते बिचारी, म्हणून एक दिवस जेवायला बोलावली. गुमान जेवेल आणि जाईल.”

“पापा, असं काय बोलतोस?” पिलार ओशाळली. “माफ करा हं, फ्राऊ नंदा.”

नंदाने मान खाली घातली. तिचे कान तापले होते, पण ते अपमानाने नव्हे.

“विसरलो,” म्हातारा मुलीला म्हणाला.

“काय?”

“कलेजी घालायला विसरलो. पुडक्यात राहिली असेल. कचऱ्यात गेली असेल.”

“आईची कलेजी तू विसरलास?”

“विसरलो म्हणतोय ना! किती वेळा सांगू?”

पिलारने पावाचा उरलेला तुकडा ताटात ठेवला. ती चिडली नाही, फाइलही लगेच काढली नाही. खुर्ची जवळ ओढून तिने बापाचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले आणि ते थरथरायचे थांबेनात तरी धरून ठेवले. हाइमच्या कागदावर सही कॉफीनंतर झाली. नंदा तेव्हा स्वयंपाकघरात भांडी घासत होती. मी बोलले असते तरी त्याचं हाइम टळलं नसतं आणि माझी नोकरी फुकट गेली असती, असं तिने स्वतःला पुन्हा पुन्हा बजावलं, आणि दर वेळी तिला स्वतःचीच शिसारी आली. चार तुकडे कलेजी. सगळ्या जगात स्वयंपाक येणारी एकटी हीच!

पिलार फोन करायला गॅलरीत गेली तेव्हा म्हातारा काठी टेकत दारात आला.

“तो खलबत्ता ने तू.”

“मला काय करायचाय? माझ्याकडे आहे.”

“पितळी आहे?”

“लोखंडी.”

“मग ने. तिथे मला लसूण कोण ठेचू देणार आहे?”

“दिला तरी तुम्हाला काय येतंय,” नंदा म्हणाली. नेहमीचा आवाज काढायला तिला फार जोर लावावा लागला.

म्हाताऱ्याने नाकातून फुस्स केलं. “पुन्हा कधी करशील तर मीठ जरा जास्त टाक,” तो म्हणाला आणि वळला.

कशात, सशात की कलेजीत, ते त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. कुणाकडून काही भेट घ्यायलाही संस्थेची मनाई होती. तिने कालच्याच वर्तमानपत्रात खलबत्ता बांधला, बत्ता पिशवीत टाकला आणि ती जिना उतरली.

यू-बानमध्ये बसायला जागा मिळाली. तिने खलबत्ता मांडीवर घेतला तेव्हा कागद सुटला. आत सोललेल्या लसणाच्या चार पाकळ्या, मिरीचे सहा दाणे आणि ती हिरवी पानं तशीच होती. शेजारच्या तरुण मुलीने नाक मुरडलं आणि ती उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. एरवी नंदाने तिला अस्सल मराठीत चार शब्द ऐकवले असते. आज तिने खलबत्त्याच्या तोंडावर तळहात ठेवला, गाडीच्या हिसक्यांनी आतलं काही बाहेर सांडू नये म्हणून, आणि आपलं स्टेशन येईपर्यंत तो तसाच धरून ठेवला.